नॅटलीची बदली

डिसेंबर उजाडला की ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ची पारायणे सुरू होतात. रिचर्ड कर्टिस यांच्या या २००३ च्या चित्रपटातले एक भाषण आता चित्रपटाहून मोठे झाले आहे. ह्यू ग्रँटचा अविवाहित, देखणा पंतप्रधान भर पत्रकार परिषदेत अमेरिकी अध्यक्षांना सुनावतो. देश लहान असेल. पण तो शेक्सपिअरचा आहे, चर्चिलचा आहे, बेकहॅमच्या उजव्या पायाचा आहे आणि डाव्याचाही. दादागिरी करणारा मित्र आम्हाला नको. इराक युद्धाच्या वर्षात ब्रिटिश प्रेक्षकाला हे हवेच होते. वॉशिंग्टनशी खटका उडाला की तिकडे आजही या प्रसंगाची आठवण निघते.

भाषणामागचे कारण मात्र परराष्ट्र धोरण नव्हते. पंतप्रधान क्षणभर खोलीबाहेर जाऊन परत येतात, तो अध्यक्ष महाशय नॅटलीच्या अगदी अंगाशी उभे. नॅटली म्हणजे पंतप्रधान निवासातली चहा-बिस्किटे आणून देणारी मुलगी. ती अवघडलेली, अध्यक्ष निवांत. पंतप्रधानांचा तिच्यावर आधीपासून जीव. मग बाहेर कॅमेऱ्यांसमोर राष्ट्राचा स्वाभिमान जागा होतो. अवघडली ती, बाणेदारपणा जमा झाला यांच्या खात्यावर. तेही चालवून घेऊ.

पुढचे चालवून घेणे अवघड आहे. भाषण गाजते, पंतप्रधान घरात एकटेच नाचून घेतात आणि नंतर हाताखालच्या अधिकारी बाईंना बोलावतात. म्हणतात, कारण विचारू नका, पण त्या नॅटलीला दुसरीकडे कुठेतरी हलवता येईल का? बाई तिच्या जाडेपणावर दोन शेरे मारतात आणि काम झालेच समजा, असे सांगून टाकतात. चौकशी नाही, लेखी काही नाही. काय झाले, हे नॅटलीला कोणी विचारलेलेही नाही. अध्यक्षांच्या वाट्याला एक झणझणीत भाषण आले, हिच्या वाट्याला बदली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि चित्रपटाला यात वावगे काही दिसत नाही. दुखावलेल्या प्रियकराची हळवी तऱ्हा म्हणून प्रसंग पुढे सरकतो. प्रियकर साहेब आहे आणि त्याच्या हळवेपणाची किंमत दुसऱ्याच्या नोकरीत मोजली जाते, एवढी बारीक गोष्ट कोण लक्षात घेतो!

लेबर पक्षाच्या २००५ च्या अधिवेशनात तेव्हाचे खरे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी चित्रपटातल्या या भाषणाचा उल्लेख केला होता. मीही ह्यू ग्रँटसारखे अमेरिकेला फटकारावे, असे काहींना वाटते; पण खऱ्या आयुष्यात दुसरा दिवस उजाडतो आणि सोप्या टाळ्यांचे परिणाम निस्तरावे लागतात, असा त्यांचा सूर होता. हिशेब चोख. फक्त चित्रपटातही दुसरा दिवस उजाडला होता. तो पंतप्रधान निवासाच्या स्वयंपाकघराकडे उजाडला, म्हणून पंतप्रधानांच्या नजरेत भरला नाही.

नाताळच्या आदल्या रात्री पंतप्रधान कार्डांचा गठ्ठा चाळतात. त्यात नॅटलीचे कार्ड. त्यात प्रेमाची कबुली आहे, ती लोकांच्या लक्षात राहिली. त्यात झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरीही आहे, ती विसरली गेली. अंगचटीला गेले अध्यक्ष, बदलीचा हुकूम दिला पंतप्रधानांनी आणि माफी मागते चहा देणारी. पंतप्रधान वँड्सवर्थ गाठतात, एकेक दार ठोठावत तिचे घर शोधतात. गाडीत बसल्यावर ती पुन्हा सगळे समजावून सांगते : तो जवळ आला, तो अमेरिकेचा अध्यक्ष होता, काहीही घडले नाही, शपथ. हा खुलासा तिने द्यावा, असे पटकथेला वाटले. शेजारी बसलेल्याने बदलीचा विषय काढावा, असे काही वाटले नाही. तो कार्डाबद्दल आभार मानतो.

कर्टिस यांनी अलीकडे काही गोष्टींबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आहे. नॅटलीच्या अंगकाठीवरचे विनोद त्यातच येतात. पण विनोद शब्दांत असतात, ते पटकथेतून वेचून काढता येतात. बदली कथेच्या सांध्यात बसली आहे. ती काढली तर विरह नाही, विरह नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर वँड्सवर्थची ती गोड धावाधाव नाही. या प्रेमकथेला नॅटलीची बदली होण्याची गरज आहे. तिला जुन्या कामावर परत घेतले का, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. महिन्याभराने ती हीथ्रो विमानतळावर दिसते. छायाचित्रकारांच्या देखत पंतप्रधानांच्या अंगावर झेप घेते. ते तिला झेलतात आणि तिच्या वजनावर एक शेरा मारतात.