नाचणाऱ्या बाईकडे बघण्याची आपली नजर



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन चालू होते. एक बाई रोज येऊन दाराशी बसे. दुसऱ्या आठवड्यात कुजबूज सुरू झाली, "ही पूर्वी हायवेवरच्या बारमध्ये नाचायची." तिसऱ्या आठवड्यात तिचे येणे बंद झाले. 'येऊ नका' असे तिला कोणी म्हटले नव्हते. 'आत येऊन बसा' असेही कोणी म्हटले नव्हते. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून मला राहून राहून हंसा वाडकर आठवते. जुन्या पिढीने तिचे चित्रपट पाहिलेच असतील. मूळची रतन साळगावकर, कलावंतिणीच्या घराण्यातली. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'मध्ये ती पडद्यावर आली, तेव्हा वय जेमतेम तेरा. १९४१ मध्ये ती 'संत सखू' झाली. १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी'त तमासगिरीण बया झाली आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने तर पुण्यात शंभराहून अधिक आठवडे गर्दी खेचली. पुढे याच नावाने तिने आपली कहाणी सांगितली. लग्न झाल्यावर तरी कामातून सुटका होईल असे तिला वाटले होते. पण घर तिच्याच मिळकतीवर चालत राहिले. १९७१ मध्ये पन्नाशीही न गाठता ती गेली. घरच्यांना तिची कमाई हवी होती, प्रेक्षकांना तिचा नाच हवा होता. मान देण्याची वेळ आली की मात्र सगळे मागे सरत.

आपल्या रायगडात हेच वेगळ्या रूपात घडले. २००५ मध्ये पनवेल भागातील डान्सबारचा प्रश्न विधानसभेत गाजला आणि राज्यभर बंदी आली. तरुण पोरे पगार उधळत होती, संसार मोडत होते, हे खरेच होते. पण कायद्यात मेख होती. तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट होती! म्हणजे श्रीमंतापुढे नाचली तर संस्कृती आणि साध्या बारमध्ये नाचली तर अनीती? १२ एप्रिल २००६ रोजी उच्च न्यायालयाने समानतेच्या आणि व्यवसाय-स्वातंत्र्याच्या हक्कांवर बोट ठेवून ही बंदी रद्द केली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. ज्या घटनेने हा न्याय दिला, तिचे शिल्पकार आपले बाबासाहेब आहेत. पण मधल्या काळात ज्यांची चूल विझली त्या बाया कुठे गेल्या, याची चौकशी कोणी केली?

याचा अर्थ तो धंदा चांगला, असे मी म्हणत नाही. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना ते जिणे सोडण्यास बजावून सांगितले होते. मात्र जी सोडून येईल तिला बसायला जागा समाजानेच द्यायला हवी. नाहीतर ती सोडून जाणार कुठे?

तथागतांनी वैशालीच्या आम्रपालीचे भोजनाचे निमंत्रण स्वीकारले. नंतर धनाढ्य लिच्छवी आले, तरी त्यांनी गणिकेला दिलेला शब्द मोडला नाही. पुढे तीच आम्रपाली भिक्षुणी संघात गेली, थेरी म्हणून पूज्य झाली. ही गोष्ट आपण विहारात वाचतो, मुलांना सांगतो. मग दाराशी बसलेली बाई आपल्याला का दिसत नाही?

महिला मंडळाच्या दोन ताईंना घेऊन मी तिच्या घरी जाऊन आलो. तिने चहा केला. मुलगी दहावीला आहे म्हणाली. निघताना "बघते, येईन," एवढेच बोलली. अजून आलेली नाही. तिचा विश्वास बसायला वेळ लागणार आणि तो वेळ आपल्यामुळेच लागणार आहे.

तुमच्या विहारातही कोणी दाराशी बसत असेल. पुढच्या पौर्णिमेला तिला आत बोलवा, शेजारी बसवून घ्या. एवढे तरी करू या.

जयभीम!