ट्रक घेणारे अविचारी होते काय?

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान आणावयास गेलेला गृहस्थ सारा बाजार पालथा घालीत नाही. चार ठिकाणी भाव विचारतो, मनाजोगा सुपारीचा घोस दिसला की घेतो आणि घरी परततो. अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतील मनुष्य मात्र असा नसे. त्याला सर्व पर्याय ठाऊक, त्यांचे परिणामही ठाऊक. त्यांतून तो सर्वांत लाभाचा पर्याय अचूक निवडणार!

या सर्वज्ञ मनुष्याविषयी हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानांनी १९५५ सालच्या एका निबंधात शंका घेतली. माहिती अपुरी, वेळ थोडा, हिशेब करण्याची शक्ती बेताची; म्हणून मनुष्य सर्वोत्तमाचा शोध घेत बसत नाही, पुरेसे चांगले मिळाले की थांबतो, असे त्यांचे म्हणणे. यालाच मर्यादित विवेकशीलता म्हणतात. सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तत्त्व समजून घेण्यास आपला डिचोली तालुका पुरेसा आहे. या शतकाच्या आरंभी चीनमधून लोहखनिजाची मागणी वाढली व भाव चढले. खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहून नेण्यासाठी ट्रक हवे होते. अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ते घेतले. शेजाऱ्याची भरभराट डोळ्यांसमोर होती. तोच त्यांचा पुरावा. २०१२ साली खाणी बंद पडल्या. काही काळाने त्या सुरू झाल्या, तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. ट्रक अंगणात उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

या कुटुंबांना अविचारी म्हणणे सोपे, पण अन्यायाचे आहे. खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असा निर्वाळा न्यायालयाने २०१४ साली दिला. ही गोष्ट ट्रक घेणाऱ्याला आधी कोण सांगणार होते? ज्यांच्यापाशी अधिक माहिती असते, त्यांच्यावर ती उघड करण्याची जबाबदारीही अधिक असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज हाच प्रश्न पेडण्याच्या दारी उभा आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुला झाला आणि जमिनीला गिऱ्हाईक दारात येऊ लागले. सुपारीचा घोस चुकीचा निघाला तर पुढच्या वर्षी दुसरा घेता येतो; विकलेली जमीन परत येत नाही. जेथे माघार नाही, तेथे चार ठिकाणी विचारून भागणार नाही. चाळीस ठिकाणी विचारावे, कागद वाचून घ्यावेत, आणि सर्वस्व एकाच डावावर लावू नये.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पूर्वजांनी कुळागरात माड, पोफळी, केळी व मिरी एकत्र लावल्या. उद्या कशाचा भाव पडेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण आपल्याला ते ठाऊक नाही, एवढे मात्र ते पक्के जाणून होते. घरात मोठा निर्णय होऊ घातला असेल, तेव्हा तुम्हीही वडीलधाऱ्यांना नम्रपणे एवढेच विचारा : आपला अंदाज चुकला, तर काय उरेल?