गुण थेंबांचा की त्या तासाचा?

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई दर गुरुवारी साक्रीहून एसटीने धुळ्याला जायच्या. फुलांच्या अर्काचे थेंब आणायला. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर टाकलेले थेंब, दिवसातून चार वेळा. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, त्यांना बरं वाटायला लागलं होतं. झोप लागायची, छातीतली धडधड कमी झाली होती. मुलगा नोकरीसाठी सुरतला गेल्यापासून स्वयंपाकातलं लक्ष उडालं होतं, तेही परतलं.

मी आधी हसले होते. ही पुष्पौषधी 1930 च्या दशकात इंग्लंडच्या एडवर्ड बाख नावाच्या डॉक्टरांनी काढली. एकूण अडतीस औषधं. चाचण्यांमध्ये मात्र या थेंबांचा गुण साध्या, औषध नसलेल्या थेंबांपेक्षा जास्त दिसला नाही. मग जाऊबाईंना आराम पडला कशाने? एकदा विचारलंच, "त्या बाई करतात तरी काय?"

"काही नाही गं. समोर बसवतात, पाणी देतात, आणि तासभर ऐकून घेतात. मधे फोनसुद्धा उचलत नाहीत." मग जरा थांबून म्हणाल्या, "घरमा माले कोन इचारस?"

हे मला लागलं. आमची दोघींची चूल वेगळी असली तरी अंगण एकच आहे. जेठांनी एसटीचं भाडं दिलं, फी दिली, कधी कुरकुर केली नाही. पण पंधरा मिनिटं समोर बसून 'तुला काय होतंय?' असं विचारलं नाही. त्यांना तरी काय बोलणार? मीही नव्हतं विचारलं.

2008 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोटाच्या जुनाट तक्रारीचे 262 रुग्ण, त्यांचे तीन गट. एकाला नुसतं यादीत ठेवलं. दुसऱ्याला अॅक्युपंक्चरच्या खोट्या सुया लावल्या, बोलणं कामापुरतंच. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, पण आधी निवांत विचारपूस, आपुलकीने ऐकणं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात शेकडा 28, दुसऱ्यात 44 आणि तिसऱ्यात 62! सुई खोटीच होती, विचारपूस तेवढी खरी.

आपल्या खानदेशात ही विचारपूस फुकट मिळायची. आखाजीला लेकी माहेरी यायच्या. निंबाच्या फांदीला झोका बांधला की गाण्यातून सासू, नणंद, नवरा सगळ्यांचा हिशोब निघायचा. जात्यावरही तेच. हे कुणी उपचार म्हणून करत नव्हतं, पण मनावरचं ओझं उतरायचं. आता आखाजीला लेक दोन दिवस येते, त्यातला एक दिवस मोबाइल चार्ज करण्यात आणि पोरांचा अभ्यास घेण्यात जातो. (माझ्या लेकीबद्दलच बोलतेय.)

म्हणून थेंब, रेकी, ध्यान यांच्याकडे जाणाऱ्या बाईला मी आता हसत नाही. तिला जे हवंय ते खरंच आहे. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. जाऊबाईंना नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेल्या. "आता त्या विषारी गोळ्या कशाला?" असं थेंबवाल्या बाईंनी म्हटलं आणि यांनी त्या एकदम बंद केल्या. घरात कुणाला सांगितलं नाही. महिन्याभरात पुन्हा रात्र-रात्र जागरण सुरू झालं. एका पहाटे ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "आता जगून काय करू?" त्याच दिवशी आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या परत सुरू झाल्या, फरक पडायला बरेच आठवडे लागले. ते आठवडे मी त्यांच्याच खोलीत झोपत होते. ऐकून घेणं हा गोळीला जोड असू शकतो, बदली नव्हे. गोळी कमी करायची की बंद करायची, हे देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं. असं कुणी बोललं तर आधी त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री डॉक्टर सापडत नसेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. 2022 पासून सुरू झालेला, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून दाखवलेलं मला फार पटलं. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बोलायला लावलं. नुसतं ऐकायचं नाही, तर बंद पडलेली छोटी-छोटी कामं पुन्हा कशी सुरू करायची, तेही मिळून ठरवायचं. डॉक्टरांचे नेहमीचे उपचार होतेच. तीन महिन्यांनी असं बोलणं झालेल्यांपैकी शेकडा 64 जणांचं नैराश्य ओसरलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत 39 जणांचं. आपल्या तालुक्यात आशाताई घरोघरी जातातच की! त्यांच्या आधीच भरलेल्या पिशवीत हे काम फुकट टाकू नये, रीतसर शिकवून, मानधन देऊन द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आम्ही दोघींनी गुरुवार धरून ठेवलाय. चार वाजता, ओट्यावर. पहिल्या गुरुवारी जाऊबाई फक्त कुरडयांच्या गव्हाबद्दल बोलल्या आणि मी दोनदा फोन घ्यायला उठले. आता फोन आत ठेवून येते. परवा त्यांनीच मला विचारलं, "तुनं कसं चाली ऱ्हायनं?" 'बरं चाललंय' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणताच येईना.