राजीनामा ड्राफ्टमध्ये पडून आहे?

रविवार. रात्रीचे साडेदहा. मोबाइल वाजतो. मैत्रिणीचा मेसेज : 'उद्या मंडे. पोटात गोळा आलाय यार.'

ही माझी मैत्रीण हिंजवडीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. पॅकेज सॉलिड, फ्लॅट बाणेरला, गाडी ऑटोमॅटिक. आणि तिच्या मेलबॉक्समध्ये कित्येक महिन्यांपासून एक राजीनामा ड्राफ्टमध्ये पडून आहे. प्रत्येक अप्रेझलनंतर ती तो उघडते, दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे करते आणि पुन्हा सेव्ह करून ठेवते.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र तिने बॉम्बच टाकला. "बास झालं. सगळं सोडून मी तुमच्या गडचिरोलीला येते. जंगलात राहीन, पोरांना शिकवीन. निदान रात्री झोप तरी लागेल!"

'तुमच्या' अशासाठी, की मी मूळची चंद्रपूरची. १९८२ पर्यंत गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे पुणेकर मैत्रिणींनी दोन्ही एकत्र केले तर मी फारसं मनावर घेत नाही. पुण्याच्या नकाशात आमच्या भागाची ओळख दोनच गोष्टींनी. एक ताडोबाचा वाघ आणि दुसरी, 'सगळं सोडून' तिकडे गेलेली थोर माणसं. वाघ वीकेंडला बघायचा, थोर माणसं सिनेमात बघायची. आणि सोमवारी पुन्हा लॉग-इन.

मी म्हटलं, "आधी येऊन बघ तरी." तिला रजा मिळाली नाही. (हेच तर दुखणं आहे!) म्हणून दिवाळीला मी एकटीच घरी गेले, आणि तिचा प्रश्न बरोबर घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, तो माझाही प्रश्न होता.

कारण मी तो राजीनामा पाठवलेला आहे. दोन वर्षांपूर्वी. मास कॉमची डिग्री, न्यूज डेस्कवरची नोकरी, नाइट शिफ्ट, वर एक बॉस ज्याला माझं नाव कधीच नीट आठवलं नाही. एका रात्री डोकं फिरलं, मेल टाइप केला, सेंड. तेव्हा काय कूल वाटलं होतं! पुढचे तीन महिने मात्र एकही चेक आला नाही. फ्रीलान्सिंगचं पेमेंट तीन-तीन महिने लटकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं. भाडं बाबांनी भरलं. दोन वेळा.

त्याच बाबांना या दिवाळीत मी विचारलं, "तुम्हाला कधी नोकरी सोडाविशी वाटली नाही?"

बाबा कोळशाच्या खाणीत होते. तीस वर्षं. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, हे पेपरात वाचणं वेगळं आणि त्या उन्हात ड्युटीला जाणं वेगळं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आवडते का, हे आम्हाले कोणी विचारलंच नाही न बाई. आम्हीही नाही विचारलं."

आई आतून म्हणाली, "तुझी फी त्याच नोकरीतून गेली बरं."

एवढ्यावर विषय संपला. माझा मात्र संपला नाही.

दोन दिवसांनी मुलला मामाकडे गेले. पहाटे पाचला जाग आली, तर मामेभाऊ बूट घालून निघालेला. बाहेर रस्त्यावर अंधारात आणखी आठ-दहा पोरं-पोरी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही रस्त्याला पहाटे हे दृश्य दिसतं. पोलीस भरतीची तयारी! सोळाशे मीटरचं टायमिंग, गोळाफेक, मग दिवसभर अभ्यासिकेत जनरल नॉलेज. परत आल्यावर घाम पुसत त्याने विचारलं, "ताई, तू नोकरी स्वतःहून सोडली? तुले काढलं नाही?"

"नाही रे. मीच सोडली."

"बाप्पा! अन् आम्ही इथं एक भेटावी म्हणून रोज पळून राहिलो."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

तर मंडळी, पहिली गोष्ट तिथंच ठरली. नोकरी आवडत नाही म्हणून ती सोडण्याचा विचार करता येणं, ही चैन आहे. चैन आहे म्हणून वाईट नाही. पण ज्यांच्या जिवावर ती करतोय, त्यांचा हिशेब मांडल्याशिवाय करू नये.

दुसरी गोष्ट वरोऱ्याची. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर वरोरा लागतं आणि तिथं आनंदवन. बाबा आमटेंची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो : जोरात चाललेली वकिली सोडली आणि कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वाहिलं. एका वाक्यात संपते. त्यामुळे ते एका रात्रीत घडलं असंच वाटतं. ती उडी वाटते. पण मधली पानं उलटून बघा. वकील असतानाच ते वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचं काम काय असतं ते कळावं म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली होती. रस्त्यावर पडलेल्या एका कुष्ठरुग्णाला बघून ते आधी घाबरून पळाले होते. हो, पळाले! मग परत आले. पुढे कोलकात्याला स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचा रीतसर अभ्यासक्रम केला. वकील माणूस, पस्तिशीच्या आसपासचा, बायको-मुलं असलेला, वर्गात जाऊन बसला! महारोगी सेवा समिती १९४९ ची, आनंदवन १९५१ चं. म्हणजे 'वकिली सोडली' आणि 'आनंदवन उभं केलं' या दोन वाक्यांच्या मध्ये पळून जाणं आहे, परत येणं आहे आणि एक कोर्सही आहे.

आपल्याला फक्त 'सोडलं' एवढंच ऐकू येतं. 'शिकले' ऐकूच येत नाही.

गडचिरोलीत गेलात तर हेच पुन्हा दिसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघंही नागपूरला डॉक्टर झाले. मनात आणलं असतं तर कुठल्याही मोठ्या शहरात दवाखाना थाटता आला असता. आधी त्यांनी वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत काम करून पाहिलं. तिथं लक्षात आलं, की नुसती तळमळ पुरत नाही. मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. पहिली जागा कुठली? तेंदूपत्त्याचं एक गोदाम!

पुढचं काम तर आणखी इंटरेस्टिंग आहे. आदिवासी लोक मोठ्या इमारतीतल्या दवाखान्याला बिचकतात हे कळल्यावर त्यांनी लोकांनाच विचारलं, दवाखाना कसा हवा? म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. नवजात बाळांच्या मृत्यूंवर त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केलं. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशांमार्फत सुरू केला.

१९८६ ते १९९९. तेरा वर्षं! आपण सहा महिन्यांत प्रमोशन नाही आलं तर नोकरीच्या साइटवर बायोडेटा अपडेट करतो.

आणि हेमलकसा? डॉ. प्रकाश आमटे सर्जरीचं पुढचं शिक्षण सोडून भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्पावर गेले, डॉ. मंदाताई बरोबर. तिथं सुरुवातीला पेशंटच येत नव्हते. भाषाच कळत नव्हती. मग दोघं आधी माडिया बोलायला शिकले. विचार करा, हातात डिग्री आहे, मनात इच्छा आहे आणि समोरच्याला 'कुठं दुखतंय' एवढंही विचारता येत नाही! नव्या कामातला पहिला काळ बहुतेक असाच असतो. मैत्रिणीला वाटतं तिथं रात्री झोप लागेल. मला वाटतं, पहिलं वर्षभर तरी लागणार नाही.

मग काय, नोकरीच सोडायची नाही? पगार घ्यायचा आणि पोटात गोळा घेऊन जगायचं? मुळीच नाही. पण 'सोडू की नको' हा प्रश्नच अर्धवट आहे. त्याआधीचा प्रश्न आहे, 'करून बघितलं का?' शोधग्राममध्ये २००६ पासून विशीतल्या तरुणांसाठी 'निर्माण'ची शिबिरं होतात. इंजिनीअर येतात, डॉक्टर येतात, आपल्यासारखे गोंधळलेले येतात. शिबिरात येऊन स्वतःला प्रश्न विचारायचे, मग प्रत्यक्ष कामात उतरायचं. त्यांच्या फेलोशिपचं नावच आहे 'कर के देखो'. बघा, 'छोड के देखो' नाही!

आणि एक ट्रिक धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडून उचलण्यासारखी आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाची पद्धत अशी, की कुठल्याही विषयावर आधी अभ्यास गटात बसून माहिती घ्यायची, बोलायचं, आणि ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा. एक जण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसायचं. वेळ लागतो. पण नंतर 'मी तर तेव्हाच म्हटलं होतं' म्हणणारा कुणी उरत नाही.

माझ्या राजीनाम्याला अभ्यास गट नव्हता. ग्रामसभाही नव्हती. भाडं मात्र ग्रामसभेने भरलं!

तेव्हा तुमचाही ड्राफ्ट पडून असेल, तर सेंड करायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहा. (हो, कागदावर. एक्सेल शीट नको, तिचा तर कंटाळा आलाय ना!)

एक, नेमकं काय नकोय? काम, बॉस, शिफ्ट की रोजचा दोन तासांचा ट्रॅफिक? बॉस नको असेल तर बॉस बदला, त्यासाठी करिअर बदलायची गरज नाही.

दोन, जे करायचंय ते महिन्यातून दोन शनिवार करून बघितलंय का? फुकट, थकलेलं असताना, कुणी शाबासकी न देता?

तीन, त्यासाठी काय शिकावं लागेल आणि कुणाकडे?

चार, पगाराशिवाय किती महिने निघतील? हप्ता, भाडं, आईबाबांचं औषधपाणी धरून. आणि हा आकडा घरच्यांना माहीत आहे का? (पीएफ यात धरू नका प्लीज.)

पुण्याला परतल्यावर मी हे सगळं मैत्रिणीला ऐकवलं. ती भडकली. "म्हणजे तुझं म्हणणं, मी नाटक करतेय?" दोन आठवडे बोलली नाही. मग एका शनिवारी तिचा फोटो आला. महापालिकेच्या शाळेत फळ्यासमोर उभी, हाताला खडू, चेहरा घामाघूम. खाली लिहिलं होतं : 'अपूर्णांक शिकवणं क्लायंट कॉलपेक्षा डेंजर आहे.'

आता तिला तीन महिने होतील. शिकवणं आवडतं, पण ते आपल्याला नीट येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून बी.एड.ची माहिती काढते आहे. रात्रीचे कॉल बंद करून घेतले, तेव्हा ऑफिसातली निम्मी चिडचिड संपली, हेही तिच्या लक्षात आलंय. नवऱ्याबरोबर बसून तिने हप्त्यांचा हिशेब केला. उत्तर आलं, अजून दीड वर्ष. पाच-सहा वेळा भांडून दोघांची सर्वसहमती झाली.

ती सोडेल का? मला माहीत नाही. तिलाही नाही. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे.

परवा मामेभावाचा फोन आला. लेखी परीक्षेची तारीख लागायची आहे, सोळाशे मीटरचं टायमिंग सुधारलंय. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, नोकरी लागली अन् नाही आवडली, तर तुले फोन करीन."

मी म्हटलं, "कर. पण आधी माझ्या बाबांना कर."