तपासणी आणि आघात

अत्याचाराला बळी पडलेली स्त्री रुग्णालयात येते तेव्हा तिच्या शरीरावरील जखमा डॉक्टरांना दिसतात. मनावर झालेला आघात सहसा दिसत नाही. तो ओळखण्यास शिकावे लागते. आपल्या वैद्यकीय शिक्षणाने हे कर्तव्य वर्षानुवर्षे टाळलेच, शिवाय कित्येकदा उलटे धडे दिले.

‘दोन बोटांची चाचणी’ हे त्याचे ठळक उदाहरण. तिला शास्त्राचा आधार नाही. बलात्कार झाला की नाही, हे तिच्यातून कळत नाही. पीडितेची विटंबना मात्र दुसऱ्यांदा होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरविली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली तिला मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. तरीही २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, आणि या वेळी वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून पाहण्याचा आदेशही द्यावा लागला. एवढे होऊनही २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात कौमार्याविषयीच्या जुन्या कल्पना पुन्हा अवतरल्या. टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला. निकालपत्राने कायदा बदलतो, शिकविणाऱ्यांची दृष्टी बदलतेच असे नाही.

वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात आले, हे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यार्थी खरा घडतो तो वॉर्डात, वरिष्ठांचे वागणे पाहून. स्पर्श करण्यापूर्वी परवानगी मागणे, काय करणार व कशासाठी हे सांगणे, तीच कहाणी चारचौघांत पुनःपुन्हा वदवून न घेणे, रुग्णाने ‘थांबा’ म्हणताच थांबणे, या गोष्टी वरिष्ठच करीत नसतील तर वर्गातील व्याख्यान व्यर्थ होय.

सरकारी रुग्णालयांतील गर्दीत एवढी सवड कोठून आणायची, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु परवानगी विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. उलट भेदरलेला रुग्ण अर्धवट माहिती देतो आणि अनेकदा फेरतपासणीस येतच नाही. हे जसे पीडित स्त्रीच्या बाबतीत खरे, तसेच मार खाल्लेले मूल किंवा दंगलीत होरपळलेला माणूस यांच्याही बाबतीत खरे.

सहृदयता ही जन्मजात देणगी मानून स्वस्थ बसणे सोयीचे असते. ज्या कौशल्याची परीक्षा होत नाही, ते आपल्याकडे शिकले जात नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको. तेव्हा नाडीपरीक्षेइतकेच गुण रुग्णाशी वागण्याच्या रीतीलाही प्रात्यक्षिकात ठेवावेत, आणि ते देणाऱ्या परीक्षकांनाही आधी ती रीत शिकवावी.