गाडीच्या उंच टाचा

यंदा मंडळाच्या गणपतीला आरती आटोपून आम्ही प्रसादाच्या रांगेत उभे होतो. तेवढ्यात तिघांनी येऊन एकच प्रश्न विचारला, "बाहेर पार्किंगमध्ये ती डोंगराएवढी गाडी उभी आहे, ती तुमच्या चिरंजीवांची का हो?"

होय, त्यांचीच. तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी ती एसयूव्ही सेकंडहँड घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्या खाली लिफ्ट किट बसवून तिला पाच सेंटिमीटर वर उचलली. मग एवढ्या उंच गाडीला जुनी चाके बारकी दिसू लागली, म्हणून टायरही मोठे आले. उंच टाचांच्या चपला घेतल्या की साडीचा फॉल पुन्हा लावावा लागतो, त्यातलाच प्रकार. एकावर भागत नाही.

या गाडीवरून आमच्या घरात सहा आठवडे धुसफूस चालली होती. चिरंजीव राहतात श्टुटगार्टजवळ आणि नोकरी उल्मला. आठ नंबरच्या आउटोबानवरून वर्षाला वीसेक हजार किलोमीटर होतात. डोंगर, चिखल, नदीपात्र यांतले काहीही त्यांच्या वाटेत येत नाही. वाटेत येते ती फक्त ट्रकची रांग. पूर्वी ही गाडी शंभर किलोमीटरला ९.२ लिटर डिझेल पीत होती. नव्या अवतारात पहिल्यांदा टाकी फुल केली तेव्हा मीटरवर ५०० किलोमीटर झाले होते आणि पंपावर ५७.५ लिटर बसले. म्हणजे शंभराला ११.५. आम्ही पावतीच्या पाठीवर तिथेच हिशेब मांडला: रुपयाला चार आणे वाढ!

"बाबा, तुम्ही फक्त पावत्या बघता," चिरंजीव म्हणाले. त्यानंतर महिनाभर या विषयावर घरात कोणी बोलले नाही. बोलले नाही म्हणजे आम्ही बोलत होतो, ते ऐकत नव्हते.

कोंडी फुटली ती आमच्या सौभाग्यवतींमुळे. लग्नाआधी त्या सांगलीला हायस्कुलात गणित शिकवीत आणि ती खोड अजून गेलेली नाही. एका रविवारी आम्ही सगळे त्याच गाडीतून उल्मकडे निघालो होतो. मागे नातीची खुर्ची, तिच्या शेजारी सौ. आउटोबानच्या कडेला दर अर्ध्या किलोमीटरवर किलोमीटरचा आकडा लिहिलेली लहान निळी पाटी असते, ती आपण सारे रोज पाहतो आणि कोणीच पाहत नाही. सौ.नी नातीला आकडे शिकवण्याच्या निमित्ताने त्या मोजायला घेतल्या. अर्ध्या वाटेत नात झोपली, आजी मोजत राहिल्या. पन्नास किलोमीटर भरले तेव्हा त्यांनी पुढे वाकून विचारले, "अरे, तुझ्या मीटरवर किती झाले?" मीटरवर झाले होते ४६.७.

आता यातली मेख सांगतो. गाडीला रस्ता दिसत नाही. ती फक्त चाकाचे फेरे मोजते आणि एका फेऱ्याला किती अंतर धरायचे हे कारखान्यात ठरलेले असते. चिरंजीवांचे मूळ टायर २६५/६५ आर १७ या मापाचे. यातला पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या किती टक्के ती. शेवटचा आकडा आतल्या चाकाचा, इंचात. हिशेब केला तर अख्खे चाक ७७.६ सेंटिमीटर उंच भरते. नवे टायर २८५/७० आर १७, त्यांची उंची ८३.१. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. आपल्या घरचे असेच टायर बदललेले असतील, तर कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत हे काढता येते.

तेव्हा ते ५०० किलोमीटर खरे ५३५ होते. त्याने ५७.५ लिटरला भागले की येते १०.७. चार आण्यांची वाढ एका निळ्या पाटीने पावणेतीन आण्यांवर आली. चिरंजीवांनी आरशातून आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

पण जी गोष्ट अंतराची तीच वेगाची. मोबाईलवरचा उपग्रहाचा वेग ताडून पाहिला. काटा १२० दाखवत होता आणि गाडी खरी धावत होती १२४ने. कारखान्यातून आलेला काटा नेहमी थोडा जास्तच वेग दाखवतो, कारण नियमच तसा आहे: काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचे नाही. मूळ टायरवर हीच गाडी १२० दाखवताना खरी ११६ने जात असणार. म्हणजे चिरंजीव बिचारे पूर्वीच्याच काट्यावर, पूर्वीच्याच सवयीने गाडी हाकत होते आणि नकळत सात टक्के जोरात जात होते. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सात टक्के वेग वाढला की वारा चौदा-साडेचौदा टक्के जास्त अडवतो. डिझेल तिथेही जळत होते.

मग पुढच्या दोन टाक्या त्यांनी मोबाईलच्या आकड्यावर, खऱ्या ११६ने चालवल्या आणि अंतरही दुरुस्त करून धरले. उत्तर आले १०.१. म्हणजे ९.२वर साधारण दहा टक्के, दीड आण्याच्या जरासे वर. एवढे मात्र खरोखर लिफ्टचे आणि टायरचे. हे काही कुणाच्या डोक्यावर मारता येत नव्हते, त्यांच्याही नाही आणि आमच्याही नाही.

हे दहा टक्के जातात कुठे? आमची आपली समजूत होती की गाडी जड झाली म्हणून. तसे नाही. एकदा वेग धरला की सपाट रस्त्यावर वजनाचे ओझे फारसे जाणवत नाही. ते जाणवते शहरात, दर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना. आउटोबानवर खरा शत्रू वारा. गाडीचा वरचा भाग कारखान्यात घासूनपुसून गुळगुळीत केलेला असतो, पण खालची बाजू म्हणजे ॲक्सल, सायलेन्सर, पाइप, जाळ्या असा सगळा भांड्यांचा पसारा. गाडी वर उचलली की जास्त हवा त्या पसाऱ्यात घुसते आणि आदळत बाहेर पडते. शिवाय पूर्वी बंपरआड दडलेली चाके आता समोरून वाऱ्याला तोंड देतात, आणि ती दोन सेंटिमीटर रुंदही झाली. आपल्या श्टुटगार्टचेच उदाहरण घ्या. मर्सिडीजची १९७९ साली आलेली चौकोनी जी-क्लास वर्षानुवर्षे ०.५४च्या आसपासच्या ड्रॅगने वारा कापत होती, आणि त्याच कंपनीच्या विजेवरच्या ईक्यूएसचा आकडा आहे ०.२०. एक कपाट, एक मासा. चिरंजीवांनी आपल्या गाडीला माशाकडून कपाटाकडे चार पावले ढकलले, एवढेच.

दुसरा वाटा टायरचा. खडकाळ वाटेसाठी केलेल्या टायरवर रबराचे मोठमोठे ठोकळे असतात. रस्त्याला लागताना ते दबतात, सुटताना फुलतात, आणि या दाबण्या-फुलण्यात इंधनाची उष्णता होते. तो जो घूंऽऽ आवाज येतो तो वेगळाच. काही मंडळी सांगतात की मोठ्या चाकाने इंजिनाचे फेरे कमी होतात, त्यामुळे उलट बचत होते. सपाटीवर यात थोडे तथ्य असेलही. पण उल्मच्या वाटेवर आल्बचा चढ आहे. खंबाटकीला जशी जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी, तशीच इथेही, उतरणीची गाडी ड्राकेनश्टाइनच्या उतारावरून खाली येते आणि चढणीची वेगळ्या वाटेने वर जाते. तिथे मोठ्या चाकांच्या गाडीला इंजिन पुरत नाही, ती एक गिअर खाली येते आणि घाटमाथ्यापर्यंत कण्हत जाते. सपाटीवरची बचत तिथे व्याजासकट परत.

इंधनाचे एवढे झाले. आमचा जीव खरा टांगणीला लागला तो दुसऱ्याच कारणाने. काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो हे कळल्यावर सौ.नी विचारले, "अरे, मग हे पास कसे झाले?" तर ते पास झालेलेच नव्हते! ज्या गॅरेजात काम केले (नाव लिहीत नाही, माणसे बोलायला गोड आहेत) तिथून लिफ्ट किटचा कागद मिळाला होता, टायरचाही कागद मिळाला होता. पण ही लिफ्ट आणि हे टायर एकत्र, याच गाडीला, चालतील असा कागद कुणाकडेच नव्हता. गॅरेजवाले म्हणाले होते, "नंतर कधीतरी ट्यूफकडे दाखवून आणा." आपल्याकडच्या पासिंगसारखे हे 'नंतर कधीतरी'चे प्रकरण इथे नाही. गाडीत असा बदल केला आणि तो तपासून कागदावर चढवला नाही, तर गाडीची बेट्रीब्सएरलाउबनिस, म्हणजे रस्त्यावर फिरण्याची मान्यताच, रद्द होऊ शकते. मग अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच कागद मागते. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला, चाके जड झाल्याने ब्रेकला जास्त काम, आणि मागे नातीची खुर्ची. सहा आठवडे आम्ही डिझेलवरून भांडत होतो आणि या गोष्टीचे नाव कोणी काढले नव्हते, आम्हीसुद्धा.

दुसऱ्याच सोमवारी चिरंजीव तपासनिसांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितले की काट्याचे माप बदलून घ्या, मोठ्या टायरसाठी वळताना चाक कुठे घासते का हे दाखवा, आणि मग स्वतंत्र तपासणी करू. खर्चाचा आकडा ऐकून चिरंजीव दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठे टायर उतरवले, मूळ मापाचे चढवले आणि लिफ्ट तेवढी रीतसर कागदावर चढवून घेतली. आता गाडी ९.६ला चालते. आम्हाला वाटते लिफ्टही काढावी. त्यांना वाटते आम्ही मत मागितल्यावर द्यावे. (जाता जाता: असे जाड नक्षीचे टायर घेणार असाल, तर बाजूला डोंगरात बर्फाचा कण असे चित्र आहे ना ते बघा. ३० सप्टेंबर २०२४ नंतर नुसत्या 'एम प्लस एस' छापावर इथे हिवाळ्याचा टायर धरत नाहीत.)

पुण्याच्या भाच्याला हे सारे फोनवर सांगितले. त्याने नुकतीच थार घेतली आहे आणि त्याच्याही डोक्यात लिफ्टच होती. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, पण ॲव्हरेज किती देते?" आपल्याकडे लिटरला किलोमीटर मोजतात, इथे शंभर किलोमीटरला लिटर, त्यामुळे उलटे करून सांगितले: आधी लिटरला १०.९, मोठ्या टायरवर ९.९. तो म्हणाला, "एकाचाच तर फरक!" वीस हजार किलोमीटरला त्या एकाचे १८० लिटर होतात, आणि तेही वेग सांभाळला तर. भाव ज्याच्या त्याच्या पंपाचा घालून पाहावा. शिवाय तिकडेही आता रान मोकळे नाही. कारखान्याने ठरवलेल्या मापाच्या बाहेर गाडीत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. भाचा म्हणाला, "बघतो." त्याचा अर्थ आपण सारे जाणतो.

असो. हा लेख चिरंजीवांना वाचायला दिला, कारण त्यांची बदनामी त्यांच्या परवानगीने व्हावी. त्यांनी वाचला आणि न बोलता आमच्या गाडीपाशी गेले. तिच्या टपावर सामानाचा डबा आहे. चार वर्षांपूर्वी इटलीला जाताना बसवला होता, तेव्हापासून तो तिथेच आहे, रिकामा. "बाबा, एक टाकी डब्यासकट, एक डब्याशिवाय. निळ्या पाट्या आई मोजेल."

डब्यासकट ६.५ आले. डब्याशिवाय ५.९. तोच दीड आणा, तोच वारा, आणि आमचा तर चार वर्षांचा.

डबा काढायचे ठरले आहे. फक्त तळघरात तो ठेवायला जागा नाही. तिथे चिरंजीवांचे चार मोठे टायर ठेवलेले आहेत.