तटस्थतेचाही धडा हवा

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधील शाळांत अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदा भरतात, तेव्हा एखाद्या मराठी अधिकाऱ्याच्या मुलीकडे रशियाचे प्रतिनिधित्व येऊ शकते. स्वतःचे मत बाजूला ठेवून परक्या देशाचे हित मांडणे, हे तिथले खरे शिक्षण. मात्र कौतुक बहुधा वक्तृत्वाचेच होते. हजेरीच्या वेळी 'उपस्थित व मतदान करणार' असे सांगणाऱ्या प्रतिनिधीला तर ठरावावर तटस्थ राहण्याची मुभाच उरत नाही. प्रत्यक्षात २५ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत युक्रेनविषयक ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. भारताने आपल्या भूमिकेचे स्पष्टीकरणही दिले. टाळ्या न मिळणारी भूमिका पटवून देण्यातच मुत्सद्देगिरीची कसोटी असते. परीक्षकांनी तिलाही गुण द्यावेत.